जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना: ओझं कुठून कुठे जातं ते आधी बघा

दहा-बारा वर्षं इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदे-बटाटे वाहिलेली पिकअप कुणीतरी विकत घेतो आणि पहिल्याच आठवड्यात तिला नवा रंग, सीट कव्हर, एलईडीची पट्टी आणि ट्रकचा हॉर्न लावून मोकळा होतो. मागचे ब्रेक ड्रम उघडायची पाळी येते तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो.

इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग तिनं भार पेलला पाहिजे, मग वीज आणि पाणी. रंगरंगोटी शेवटी. डोळ्यांसमोर धरली आहे ती बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ च्या जातीची जुनी डिझेल गाडी: खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले, मागे कमानी, मागच्या चाकांना ड्रम. (कमान म्हणजे लोखंडी पानं एकावर एक रचून केलेली स्प्रिंग. कमानी हा इंदूरचा शब्द. पुण्या-नाशकाकडे पाटे म्हणतात, आणि तिकडून आलेल्या पाहुण्यानं सियागंजात जाऊन पाटे मागितले तर दुकानदार क्षणभर तोंडाकडे बघत राहतो.)

अशा गाडीची मोठी सोय ही की तिचा जवळजवळ प्रत्येक भाग पान्यानं सुटतो. धोकाही तोच, कारण काहीही कुठेही जोडता येतं. कमानीत एक पान वाढवलं की फरक ब्रेकला पडतो. जास्त वॉटचा बल्ब लावला की स्विच जळतो. हौद्यात जाड पत्रा घातला की तेवढा माल कमी भरावा लागतो. पुढचं सगळं वाचताना एवढं एकच लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतील.

गाडीखाली शिरण्याआधी

इंदूरच्या बऱ्याच घरांपुढे एक तर काळी माती असते, नाही तर कोट्याची फरशी. जॅकला दोन्ही वाईट. काळी माती पावसात फुगते आणि मऊ पडते. जॅक हळूहळू तिरका होत आत जातो. फरशीखाली पोकळी राहिली असेल तर भार एका बिंदूवर येताच ती फुटते. दोन्ही ठिकाणी जॅकखाली फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड सागाची फळी किंवा १० मिमीची लोखंडी प्लेट ठेवा.

जॅक फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. उचललेली गाडी स्टँडवर बसवायची, स्टँड चासीच्या रेलखाली किंवा अ‍ॅक्सलच्या नळीखाली, आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून ओट, म्हणजे चाक सरकू न देणारा दगड किंवा लाकडाचा ठोकळा, लावायची. विटांवर गाडी कधीही ठेवू नका. वीट दाबली जाताना कुरकुरत नाही, वाकत नाही, सांगत नाही, एकदम फुटते. स्टँडवर बसवल्यावर गाडीला खांद्यानं दोन-चार धक्के द्यायचे. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.

ब्रेक

सुरुवात बसल्या जागेवरून करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) उरलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल दगडासारखं होईल. आता पेडल दाबूनच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडंसं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. पेट्रोल गाडीत तो इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेलमध्ये तिथे पुरेसा नसतो, म्हणून वेगळा पंप लागतो, आणि या गाड्यांत तो बहुधा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. त्याला इंजिनाचं ऑइल जातं. सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं. म्हणून ‘ब्रेक जड झालाय’ आणि ‘बॅटरी चार्ज होत नाही’ या दोन तक्रारी एकाच आठवड्यात आल्या तर दोन वेगळे मिस्त्री गाठण्याआधी अल्टरनेटरच्या मागे हात फिरवून तेल लागतं का ते बघा.

इंजिन चालू असताना पेडल दाबून अर्धा मिनिट धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं, पण बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या सिलिंडरचे, आतले रबर गेलेत. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या ओळीत हवा आहे.

आता मागचा ड्रम. हँडब्रेक सोडा, शूचा (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्टीचा) अ‍ॅडजस्टर सैल करा, मग ड्रम काढा. अडकला तर ड्रमच्या तोंडावर दिलेल्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून सारखे पिळा. घण घालून कड फोडू नका. आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या नळीनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या झिजणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

आत काय बघायचं? लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेत का. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटानं उचलली तर आत ओल आहे का. ड्रमच्या आतल्या पृष्ठावर नखाला लागणारी कड तयार झाली आहे का. ड्रम लेथवर फिरवून मिळतो, पण किती व्यासापर्यंत ते ड्रमवरच कोरलेलं असतं, त्यापुढे तो भंगार. लायनर तेलानं काळे, चकचकीत झाले असतील तर ते पॉलिश पेपरनं घासून किंवा भाजून पुन्हा लावण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो चालू देऊ नका. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं, ड्रम तापला की ते परत वर येतं. दोन्ही बाजूंचे शू नवे टाका. एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

पण तेल आलं कुठून? अ‍ॅक्सलचं सील फुटलं, एवढं उत्तर पुरेसं नाही. अ‍ॅक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी एक श्वासनळी असते, ब्रीदर. डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला दात्यांचा डबा) तापला की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून निघून जाते. मंडीच्या आणि शेताच्या चिखलानं ब्रीदर बुजला की ती हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेल घेऊन येते. नवं सील टाकलं आणि ब्रीदर तसाच ठेवला तर दोन-तीन महिन्यांत तेल पुन्हा लायनरवर. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, तोंडानं फुंकून हवा जाते का बघा. हे फुकटचं काम आहे आणि हेच बहुतेक वेळा राहून जातं.

नवे शू बसल्यावर आधी अ‍ॅडजस्टर: ड्रम हातानं फिरवत शू घासायला लागेपर्यंत घट्ट करा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. त्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणायची. उलटं केलं, म्हणजे सैल शूवर केबलच आवळली, तर हँडब्रेक छान लागतो पण पायाचा ब्रेक खोल जातो.

ब्रेकच्या ओळीतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या गाड्यांत क्रम असा पडतो: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्लीडरवर (चाकाजवळच्या हवा सोडायच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेला माणूस पेडल दाबून धरेल, बाहेरचा ब्लीडर पाव वळसा उघडेल, बुडबुडे थांबले की बंद करेल, आणि मगच आतला पाय उचलेल. हे ‘धर’ आणि ‘सोड’ मोठ्यानं बोलून करा. पाय आधी उचलला गेला तर जेवढी हवा काढली तेवढी परत आत. मास्टरची टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ या प्रतीच्या तेलाचा कोरडा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. सिमरोलकडून भेरूघाट उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला तर चाकाजवळचं जुनं तेल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला लागतं. खाली पोचून अर्धा तास थांबलं की ब्रेक पुन्हा ठीक, म्हणून मिस्त्रीला दोष सापडतच नाही. दोन वर्षांनी तेल बदला, उघडी पडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक ऑइलच्या टाकीत दुसरं कुठलंही तेल जाता कामा नये. इंजिन ऑइलनं सगळे रबर फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाही तर रंग उचलला जातो.

कमानी, आणि एक पान वाढवण्याचा मोह

पिकअप मागून बसली की पहिला सल्ला मिळतो: एक पान वाढवून घ्या. त्याआधी टेप काढा. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत डावीकडे माप घ्या, मग उजवीकडे. पाच-सहा मिमीहून जास्त फरक असेल तर मागचा अ‍ॅक्सल सरकला आहे. अ‍ॅक्सलला कमानीशी जखडून ठेवतात ते यू-बोल्ट; मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट सैल पडले की सगळा झटका बिचाऱ्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मागून येणाऱ्याला अशी गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललेली दिसते, चालवणाऱ्याला मात्र फक्त स्टिअरिंग थोडं वाकडं वाटतं.

कमान उघडलीच तर तुटलेलं पान, शॅकलचे (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश आणि पिन बघून घ्या. कमान बसली असेल, म्हणजे तिचा बाक गेला असेल, तर कमानीवाल्याकडे ती पुन्हा बाक देऊन मिळते. ते घरचं काम नाही. परत बसवताना यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेल्यांचे आटे लांबलेले असतात.

आता ते वाढीव पान. पानाची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८ मिमीऐवजी १० मिमीचं पान टाकलं तर ते पान जवळजवळ दुप्पट ताठ होतं, फक्त सव्वापट नाही. रिकामी गाडी उड्या मारते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चासीवरचे हँगर मार खातात. त्याहून वाईट गोष्ट नजरेआड घडते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी जाते. गाडी किती बसली आहे यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन ती फिरू नये म्हणून. पान वाढवलं की चासी वर राहते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. प्रत्यक्षात वर दीड टन कांदा. मागच्या चाकांना दाब कमी मिळतो, पुढचे ब्रेक एकटे राबतात आणि थांबायचं अंतर वाढतं. ती दांडी कंपनीच्या मापानुसार पुन्हा जुळवली नाही तर हा दोष कोणालाच दिसत नाही. याच कारणानं ब्रेकची हवा काढतानाही मागचा अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवू नका. चाकं किंवा अ‍ॅक्सल टेकलेला हवा, नाही तर व्हॉल्व्ह मागे तेलच नीट सोडत नाही.

आणि पान वाढवून गाडीची क्षमता वाढत नाही. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं. ते अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांनी मिळून ठरवलेलं आहे. कमान त्यातली एकच.

हौदा, पत्रा आणि गंज

आठ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा म्हणजे सुमारे ४.१ चौरस मीटर. ३ मिमी लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे तळाचा पत्राच ९६ किलोचा. २ मिमीचा घेतला तर ६४. ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर ३३. लोहामंडीत पत्रा निवडताना ‘जाड तो चांगला’ हा हिशोब चुकीचा. प्रत्येक जास्तीचा किलो मालातून वजा होतो आणि रिकामं असतानाही डिझेल खातो. २ मिमीचा पत्रा खालच्या आडव्या पट्ट्या शाबूत असतील तर पुरतो. अ‍ॅल्युमिनियम थेट लोखंडावर ठेवू नका, ओल लागली की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये रबराची पट्टी द्या.

मंडीच्या गाडीचा हौदा वरून बरा दिसतो आणि खालून कुजतो. सडलेल्या कांद्याचं पाणी आणि माती आडव्या पट्ट्यांच्या कोनांत साचते. गंज शोधायला स्क्रू ड्रायव्हरची मूठ घ्या आणि ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं भद् आवाज करतं. केबिनमध्ये रबरी मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा, बॅटरीखालची बैठक बघा, दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं बुजली आहेत का ते बघा. ती भोकं बुजली की दार आतून भरलेल्या तांब्यासारखं होतं.

पातळ गंज असेल तर तारेच्या ब्रशनं चमकतं लोखंड येईपर्यंत घासा. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावा, तो वाळू द्या, मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलंट, वर रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका. ते सच्छिद्र असतं, वर रंग नसेल तर एका पावसात खालून पुन्हा गंज. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गंजावरच डांबरी अंडरकोट फासणं. तो ओल आत कोंडतो, बाहेरून वर्षभर काळाभोर दिसतो आणि आत पत्रा जाळी होत जातो. हे काम मे महिन्यात करा. जुलैत लोखंड कोरडं मिळतच नाही.

भोक पडलं असेल तर वेल्डिंग. हौद्याच्या २-३ मिमी पत्र्याला ६०१३ जातीची २.५ मिमी कांडी आणि ७० ते ९० अँपिअर ठीक. केबिनचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. त्याला कांडी लावली की भोक मोठंच होतं. तिथे ०.८ मिमी तारेचं मिग वेल्डिंग लागतं, तेही सलग नाही, ठिपके ठिपके देत, नाही तर पत्रा तापून लाटांसारखा होतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह आणि अल्टरनेटरची जोडणी सोडा, अर्थचा चिमटा कामाच्या जवळच लावा, बेअरिंग किंवा गिअरबॉक्सच्या पलीकडे नको. डिझेलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर ते काढूनच. बाजूला वाळूची बादली.

चासीच्या रेलला हात लावू नका. तिच्या वरच्या-खालच्या पट्टीत भोक पाडणं किंवा आडवं वेल्डिंग मारणं म्हणजे ताण जिथे सगळ्यात जास्त असतो तिथेच चीर सुरू करून देणं. तडा दिसला तर चासीचं काम करणाऱ्या माणसाकडे.

पाणी

नळाला नर्मदेचं पाणी येतं आणि बऱ्याच वसाहतींत बोअरचंही. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की कुकरच्या तळाला जशी पांढरी खपली धरते तशी आतल्या नळ्यांत धरते, आणि ती खपली उष्णता अडवते. बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर) आणि कूलंट निम्मे निम्मे भरा. खपली आधीच असेल तर लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून भरा, इंजिन गरम करून १५-२० मिनिटं चालवा, थंड झाल्यावर काढा आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणारे मिस्त्री अजून आहेत. इंजिन मग थंडच राहतं, डिझेल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर उलटाच परिणाम होतो: थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो, तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. भांड्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट त्यात सोडा. साधारण ८२ अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नेमका आकडा त्यावरच छापलेला असतो. नाही उघडला तर नवा टाका. रेडिएटरचं झाकणही बदला. ०.९ बार दाब धरणारं झाकण असलं तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, सैल झाकणाला ते शंभरालाच उकळून बाहेर.

उजेड

हेडलाइट मंद आहे म्हणून जास्त वॉटचा बल्ब घेणं ही दुसरी लोकप्रिय चूक. आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, लाइट लागलेली. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर: १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक. आता लाल सुई बल्बच्या मागच्या टर्मिनलवर. जुन्या पिकअपमध्ये इथे दीड-दोन व्होल्ट कमी दिसणं नवल नाही. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात घटत नाही, फार वेगानं घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड सुमारे तीस टक्के पडतो. म्हणजे बल्ब चांगलाच आहे, त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही.

ती वाटेत कुठे जाते? हेडलाइटचे एच४ जातीचे दोन ६० वॉटचे बल्ब मिळून १२० वॉट, म्हणजे १० अँपिअर. हा सगळा प्रवाह बॅटरीतून डॅशबोर्डच्या मागे, तिथून स्टिअरिंगजवळच्या स्विचच्या घासलेल्या टोकांतून, आणि परत पुढे असा फिरून येतो. १०० वॉटचे बल्ब लावले तर स्विचमधून प्रवाह आणखी वाढतो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळा पडतो.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्याशा प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, आणि ती वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर. ८७ नंबरपासून तशाच जाडीची वायर दोन्ही बल्बांकडे. आधी बल्बला जाणारी जुनी वायर आता ८६ वर, ८५ अर्थला. असे दोन रिले, एक डिपरचा, एक फुल बीमचा. आता स्विचमधून फक्त रिलेच्या गुंडाळीपुरता नाममात्र प्रवाह जातो. काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह नव्हे तर अर्थ जोडतो, म्हणून कापाकापी करण्याआधी मीटरनं बघून घ्या. बल्बच्या अर्थची वायरही नवी द्या, रंग खरवडून उघड्या लोखंडावर. एच४ च्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचे बल्ब घातले तर ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी घडवलेला असतो.

अर्थची आणखी एक गंमत. स्टार्टर मारला की क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर दोष केबलचा नाही. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी तुटलेली असते आणि स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह केबलमधून परतत असतो. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला.

इंजिन

त्याच्याबद्दल थोडक्यात, कारण घरी करण्यासारखं थोडकंच असतं. गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. ते थरथरलं तर ठीक, उडून पडलं आणि धूर भकाभका आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर, मग डिझेल फवारणारे नोझल तपासायला पंप-नोझलवाल्याकडे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. नोझल परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा. डिझेल फिल्टर बदलल्यावर हातपंपानं हवा काढा. पण कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलांना एकाच सामाईक नळीतून फार मोठ्या दाबानं डिझेल देणारं) असेल तर चालू इंजिनावर प्रेशरच्या पाइपाचा नट कधीही सैल करू नका, ती धार कातडीच्या आत शिरते.

गिअरबॉक्सच्या तेलात मात्र एक गफलत हमखास होते. डिफरन्शियलचं जीएल-५ प्रतीचं तेल उरलं म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओततात. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलं असेल तर पितळी सिंक्रोनायझर (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगा) त्यानं खराब होऊ शकतात. पुस्तिकेत बघूनच भरा.

कायद्याचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हौद्याची लांबी वाढवणं, चासी कापणं, पुढे लोखंडी बंपर गार्ड लावणं हे नको. रंग बदलला तर आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्या. व्यवसायाची गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर आरटीओची फिटनेस तपासणी दर वर्षी, आणि तिथे पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी चमकणारी पट्टी बघितली जाते. फाळका रंगवताना ती झाकली जाणार नाही एवढं सांभाळा. टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, एवढा जुना टायर मालाच्या गाडीला नको.

चाचणी

सगळं जुळवल्यावर लगेच घाट गाठू नका. रिकाम्या गाडीनं सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, थांबून चारही हबवर पाण्याचे थेंब टाका. एका हबवर चर्र होऊन पाणी उडालं आणि बाकी तिघांवर नुसतं ओघळलं, तर त्या चाकाचा शू किंवा कॅलिपर चिकटतोय, नाही तर बेअरिंग जास्त आवळलंय. मग अर्धा माल भरून तेच. चाकाचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पान्याखाली घ्या, आणि यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर, गाडी भरलेली असताना. नवी पानं एकमेकांवर बसली की ते हमखास एखादा आटा मागतात.